अंगाला मॅचिंग

हिंगोलीच्या डेपोत पुण्याची गाडी लागली, सामान वर चढलं, आणि मला सोडायला कुरुंद्याहून खास आलेल्या आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, तू शिकाया चालली ते हाय तरी काय?"

"नाचाचे कपडे," मी म्हणाले. "बॅलेचे. ते कसे शिवायचे ते."

आत्याने पदर तोंडाला लावला. माय घाईघाईने म्हणाली, "शिलाई हो, शिलाईचं शिकून राहिली ती." आणि अण्णा, म्हणजे माझे वडील: मोंढ्यात हळदीची पोती वाहणारा, हमालांच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे असणारा हा माणूस त्या दिवशी गाडीच्या चाकाकडे बघत उभा होता. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी आले. म्हणाले, "आपल्या बायांच्या पायातले चाळ सोडवायला पिढ्या गेल्या. तू पुन्हा त्याच कपड्याला टाके घालाया चालली. बघ बाई." मग हात वर करून, "जयभीम."

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, जे तिथे राहिलात आणि मला टाळून मायलाच माझी चौकशी करता. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे पुण्याला आलात आणि कोणी गाव विचारलं की 'नांदेडजवळ' सांगून मोकळे होता. हिंगोली म्हणा. जिल्हा आहे. जीभ झडत नाही.

अण्णांना द्यायचं उत्तर मला गाडीतच सुचलं होतं. नाच वाईट नव्हता, नाचवणारे वाईट होते. पण ते पुराव्यानिशी सांगायला कॉलेजचा अभ्यास लागला. युरोपातल्या बड्या नाटकगृहांत एके काळी गरिबाघरच्याच पोरी बॅले नाचायच्या, आणि पैसेवाले पुरुष आत जाऊन त्यांची वाट बघत बसायचे. ओळखीचं वाटतं ना? पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर काय झालं बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चपला-बुटांवर रेशन आलं. बॅलेच्या मऊ चपला रेशनमध्ये नव्हत्या, म्हणून त्यांना कडक तळ लावून बायका रस्त्यावर घालायला लागल्या. त्याआधी नाचणाऱ्यांच्या टाइट्स, म्हणजे पायांवरचे घट्ट मोजे, रेशमाच्या नाहीतर सुताच्या, गुडघ्यावर फुगे येणाऱ्या. मग ताणणारं नायलॉन आलं आणि कापड पायाला चिकटून बसलं. सरावाचा साधा काळा लिओटार्ड, म्हणजे धडाला घट्ट बसणारा एकसंध कपडा, थेट स्टेजवर गेला आणि तिथून कॉलेजच्या पोरींच्या अंगावर. आपल्याकडे नाच सोडला तेव्हा बाईला इज्जत मिळाली. तिकडे नाचणारीच्या कपड्याला इज्जत मिळाली आणि दुकानात तो महाग झाला. घाम दोन्हीकडे सारखाच होता.

खरं सांगते, मला हे कपडे फार आवडतात. माय रोजानं शेतात निंदायला जाते, तिचं पोलकं कायम काखेत उसवतं. लिओटार्डच्या काखेत एक चौकोनी तुकडा घालतात, म्हणून हात डोक्यावर गेला तरी कमरेवरचं कापड हलत नाही. मी मायला तसं पोलकं शिवून पाठवलं. फोन आला, "व्हय गं, ह्याच्यात हात वर जातो की! आजपस्तोर काहून कोणी शिवलं न्हाई?" काहून? कारण निंदणाऱ्या बाईचं माप घेऊन फॅशन काढायला कोणी बसलेलं नव्हतं.

आणि मग तो रंग. बॅलेच्या टाइट्स आणि चपला फिकट गुलाबी का, तर पाय आणि चप्पल एकच लांब रेघ दिसावी म्हणून. अंगाच्या रंगाची. कोणाच्या अंगाच्या? वर्गात मी हे विचारलं तेव्हा हशा झाला. अमेरिकेतल्या काळ्या नर्तकींनाही तोच गुलाबी घालावा लागायचा. काहींना तर तोंडाला पांढरी पावडर फासून नाचावं लागलं. पुढे त्यांच्यातल्याच बायांनी टाइट्स आणि चपला आपापल्या रंगात रंगवून घ्यायला सुरुवात केली. परंपरा मोडली म्हणून बोंब झाली. मोडली तर मोडली.

कॉलेज संपल्यावर मी पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये लागले. नाचाच्या क्लासांचे कपडे शिवायचे. लायक्रा, ओव्हरलॉक, डिस्पॅच, ट्रायल हे माझे नवे शब्द. कॅटलॉगमध्ये रंगाचं नाव होतं 'स्किन'. एका बॅले क्लासच्या गॅदरिंगची ऑर्डर आली, ट्रायलला मी गेले. मयूरी नावाची बारावीतली मुलगी, माझ्यापेक्षाही सावळी, सगळ्यांत उंच उडी तिची. तिने टाइट्स चढवल्या आणि त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "हातांना आणि मानेला पावडर लाव. टाइट्सला मॅच व्हायला हवं."

म्हणजे कापड अंगाला नाही, अंग कापडाला मॅच करायचं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात मयूरीच म्हणाली, "ताई, प्लीज, इश्यू नको. मला पहिल्यांदा सोलो मिळालाय." मी म्हटलं, बरं, फक्त एक जोड तुझ्या रंगाचा करून आणते. "घालीन की नाही सांगत नाही," ती म्हणाली, पण हात पुढे करून रंग बघू दिला.

खोलीवर पातेल्यात नायलॉनचा रंग उकळला. चुकला, परत उकळला. रंगीत तालमीला तिने तो जोड घातला. मॅडमचा फोन शेडच्या मालकांना, मालकांचा निरोप मला: माफी लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको.

गेले नाही.

मग अण्णांना फोन केला. त्यांनी नको म्हटलेल्या कामातूनच मला हाकललं होतं. "अण्णा, नोकरी गेली," म्हटलं आणि का ते सांगितलं. ते म्हणाले, "पत्रक काढलं का?"

"लिहिलंय."

"वाच."

पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. शाळेत असल्यापासून हमालांची पत्रकं मीच लिहायचे. त्यांचा नियम एकच: वाचून माणूस चिडला पायजे, न्हाईतर तो कागद चिवडा बांधायला. मी वाचलं. "सुरुवात बराबर हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या परिच्छेदात पाणी हाय, काढ. अन् शेवटी 'नम्र विनंती' लिहिलं ते नम्र काहून?"

नम्र खोडलं. गॅदरिंगच्या दिवशी हॉलच्या फाटकावर पत्रकं वाटली. काहींनी वाचली, काहींनी गाडीची काच वर केली. मयूरी स्टेजवर गुलाबी टाइट्समध्येच आली, हातांना पावडर लावून, आणि जीव ओतून नाचली. तिला दोष देणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं. तपकिरी जोड मात्र तिने परत दिलेला नाही.

आता गावाचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पुण्यालाच शिव्या देते.

मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाचा बस्ता होता. माय मला हिंगोलीतल्या मॅचिंग सेंटरात घेऊन गेली. पोपटी आणि कोवळा पोपटी ह्यावर तिथे अर्धा तास वाद चालतो, बाया ब्लाऊजपीस उन्हात नेऊन बघतात. मायने पातळाखाली घालायला परकर मागितला. दुकानदाराने एक फिकट, भाजणीच्या पिठासारखा परकर टाकला. "स्किन घ्या काकू, कशावर बी चालते."

"भाऊ, ही कोणाची स्किन?" मी विचारलं.

"कंपनीची, ताई."

मागच्या बाया खिदळल्या. मायने मला कोपर मारलं, "इथं बी सुरू झाली का तू?"

"व्हय."

माय माझ्यावर डोळे काढून उभी राहिली. मग तिने परकराकडे बघितलं, मग उन्हात रापलेल्या आपल्या हाताकडे. बांगड्या वर सारल्या आणि हात काउंटरवर ठेवला. "पातळाला मॅचिंग देतो, पोलक्याला देतो. ह्याला दे."

त्याने गठ्ठा काढला. शेवटी एक बरोबर जुळला. "काकू, ह्याला कॉफी म्हणतेत."

"मंग लिही त्याच्यावर स्किन."

घरी येईपर्यंत रस्ताभर तिने मलाच झापलं. चारचौघांत असं बोलतेत का, दुकानदार काय म्हणंल, तुला कोण करून घेईल. परकराची पिशवी मात्र माझ्या हातात देईना.

मी पुण्याला परत आलेय. दोन मशिनी भाड्याने घेतल्यात, नाचाचेच कपडे शिवते. ज्याच्या-त्याच्या अंगाला लावून रंग ठरवते. चालेल की बुडेल, माहीत नाही. पूर्वी वाटायचं, घर म्हणजे जिथे भांडावं लागत नाही. साफ खोटं. पुण्यात भांडले तर काम जातं. हिंगोलीत भांडले तर माय आधी मला कोपर मारते आणि मग माझ्या बाजूने काउंटरवर हात ठेवते. म्हणून मी सुट्टीत तिथे विश्रांतीला येत नाही. भांडायला येते. येतच राहीन.