वरवंडच्या तलावावरची तयार जागा

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवाली बाई नाही. सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेला. ‘हिला धरलंय’ म्हणून माझ्यासमोर आणून बसवलेल्या कितीतरी बायका मी लोहाच्या गोळ्या देऊन आणि त्यांच्या सासवांना दम देऊन बऱ्या केल्यात. त्यात आमचं घर ख्रिस्ती, वडील प्रार्थना चालवणारे. भूत हा शब्द उच्चारला तरी जेवणावरून उठवायचे. या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते, पण खरं सांगू का... हसायला म्हणून वाचते. तेव्हा आज कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही.

लिहायचं कारण आमचा पणतू. कॉलेजात आहे. परवा मोबाईलवर कुठल्याशा धरणाकाठचे तंबू दाखवून म्हणाला, “पणजी, तू तर वर्षानुवर्षं तंबूत राहिलीयेस. जागा कशी निवडायची सांग ना.” सांगितलं मी सगळं. वाऱ्याकडे पाठ कर, मुंग्यांची रांग बघ, बाभळीखाली झोपू नको – काटे नाहीत तर बगळ्यांची शीट, काहीतरी पडतंच. पाण्याला अगदी चिकटूही नको. एक गोष्ट मात्र जिभेवर आली आणि मी गिळून टाकली. त्याला नाही सांगता आली, म्हणून इथं लिहिते.

सत्तावन्न की अठ्ठावन्न सालचा हिवाळा. मी शिरूरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, माझे मिस्टर तिथंच कंपाउंडर. सुगी उरकली की आमचा दवाखाना बैलगाडीत बसून गावोगाव निघायचा. औषधाच्या पेट्या, स्टोव्ह, सुया उकळायचं पातेलं, आणि एक जुना मिलिटरी तंबू. गाडी हाकायला आणि स्वयंपाकाला दानियल मामा. आणि आमची सुमन, पाच वर्षांची. तिला ठेवायचं कुणाकडे? म्हणून ती कायम बरोबर.

त्या वर्षी न्हावऱ्यावरून, पारगावला भीमेचा उतार ओलांडून आम्ही वरवंडला आलो. हल्ली तिकडे ऊस दिसतो, तेव्हा कालव्याच्या पट्ट्याबाहेर सगळं माळरान होतं. मुरूम, कुसळं, खुरटी बोरं. आणि त्या कोरड्या माळात मधेच तो तलाव. तुम्ही म्हणाल मग जागेला काय तोटा? अहो, तोटा जागेचा नव्हताच, आमच्या तिघांच्या तीन तऱ्हा होत्या! मला उकळायला पाणी जवळ हवं. मिस्टरांना उंचवटा हवा, कारण त्यांना डासांची दहशत. मामांना बैलांसाठी चारा हवा. गावाजवळची चिंच पाहिली, तिथं कुत्री फार. तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी ओल पाझरत होती. टेकाडावर गेलो तर वाऱ्यानं माझा पदर डोक्यावर राहीना.

“कंपाउंडरसायब, ह्या वाऱ्यात तंबू न्हाई, पतंग व्हईल,” मामा म्हणाले.

“मग तुम्हीच शोधा, मामा!” मिस्टर वैतागले.

मामांनी शोधली. तलावाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून बेताच्या अंतरावर. आम्ही जाऊन बघतो तर सगळीकडे कुसळं आणि दगडगोटे, आणि मधे तंबूच्या मापाची जागा लख्ख साफ. एक खडा नाही, एक काटा नाही. माती हातानं थापल्यासारखी सपाट.

“कुनीतरी कालच उठून गेलंय हितनं,” मामा खूश होऊन म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. चुलीचे दगड नव्हते. राख नव्हती. शेण नाही, लेंडी नाही, पाऊल नाही. कालच कुणी उठून गेलं तर काहीतरी मागे ठेवून जाईल की नाही? मी तसं बोलले.

“अगं, देवानं आयती जागा तयार ठेवलीय आणि तू नाक मुरडतेस,” मिस्टर म्हणाले. खुंट्या लोण्यात जाव्यात तशा गेल्या. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर आले. पाण्याच्या बाजूला, थोड्याच अंतरावर, आणखी एक जागा साफ केलेली होती. ही लहान होती. लांबट. आणि तिच्या एका टोकाला ओंजळभर मातीचा उंचवटा. तंबूत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. जमिनीवर अंथरूण टाकायच्या आधी आपण खडे वेचतो, माती सारखी करतो आणि उशाला थोडी माती ओढून ठेवतो. हे तसंच अंथरुणाखालचं होतं, पण लहान मुलाच्या मापाचं.

मला वाटलं मामांनी सुमनला खेळायला केलं असेल. मामांना वाटलं मी केलं. मिस्टरांना काहीच वाटलं नाही, ते मिक्श्चर ढवळत होते.

दुपारी धनगराची एक बाई मुलाचे डोळे दाखवायला आली. मी औषध घालता घालता तिला विचारलं, “तुमचा मेंढरांचा वाडा उठला का इथून परवा?”

“हितनं? न्हाई बाई. आमी हितं मेंढरं बसवत न्हाई.”

“का गं?”

“बसतच न्हाईत. हुबीच ऱ्हात्यात रातभर.”

“पण का?”

“आता त्ये मेंढरास्नी इचारा की!” ती हसली आणि पोराला काखेला मारून गेली. यापेक्षा जास्त माहिती मला त्या मुलखात कुणीच दिली नाही. मी पुढं पुष्कळांना विचारलं. कुणी बुडालेलं नव्हतं, कुणाला मारलेलं नव्हतं, कसली गोष्टच नव्हती.

ती गेली आणि मी मागे वळले तर सुमन त्या लहान जागेवर आडवी झालेली. डोकं बरोबर मातीच्या उशीवर, टाचा बरोबर दुसऱ्या टोकाला. मापं घेऊन फ्रॉक शिवावा तसं.

“ऊठ आधी! मातीत काय लोळतेस?”

“मातीत कुठं? माझी जागा आहे ही.”

“कुणी सांगितलं?”

ती नुसती माझ्याकडे पाहून हसली, आपल्या दोघींचं काहीतरी गुपित असल्यासारखी. मी तिला दंडाला धरून उठवलं, पायानं ती माती विस्कटली आणि वर चांगले दगड आणून टाकले. मग स्वतःवरच चिडले. अशी कशी मी घाबरले, एवढ्याशा मातीला?

त्याच्या पुढच्या सकाळी दगड बाजूला काढून नीट ओळीनं मांडलेले होते. आणि नवी जागा पाण्याच्या आणखी जवळ होती. तेवढीच लांब, तशीच उशी.

आता मिस्टरही चिडले. गावातल्या टवाळ पोरांचं काम म्हणाले. मामा मात्र बैलांना पाणी पाजायला त्या बाजूनं जाईनात, लांबून वळसा घालून गेले. मी म्हटलं, मला इथं राहायचंच नाही. पेशंट राहू देत नाहीतर जाऊ देत. शिरूरला परत निघू.

“दोन गावं बाकी आहेत. शिरूरला डॉक्टरांना काय सांगू? मातीला घाबरलो?” मिस्टर म्हणाले. शेवटी तडजोड अशी झाली की तलावाच्या पलीकडे जायचं. आणि या वेळी जागा मी निवडली. मुद्दाम सगळ्यात वाईट निवडली. नुसता मुरूम, खुंटी ठोकली की उडून परत यायची. दोऱ्या दगडांना बांधल्या. असल्या जागेवर कुणाचं चित्त जाणार नाही, असा माझा हिशेब होता.

संध्याकाळी सुमनचं अंग किंचित कोमट लागलं. मी तिला कुशीत घेतलं, माझा पदर तिच्या फ्रॉकला मोठ्या सेफ्टी पिननं अडकवला. मिस्टर तंबूच्या तोंडाशी आडवे झोपले. बाहेर गाडीला टेकून मामा बसले होते, खोकत. प्रार्थना केली. मी जागीच राहणार होते. पण कशी कोण जाणे, झोप लागली, आणि फार गाढ लागली.

जाग आली ती थंडीनं. फटफटत होतं. कूस रिकामी होती.

पिन माझ्या उशाशी होती. कुणीतरी ती काढून, परत बंद करून, टोचणार नाही अशी बाजूला ठेवली होती. सुमनला ती पिन उघडता येत नव्हती. माझी मलाच जड जायची.

मिस्टर तोंडाशी तसेच झोपलेले. दोऱ्या बांधलेल्या. मी किंचाळले असणार, कारण मामा हातात जू घेऊनच धावत आले. मिस्टर बांधाकडे पळाले, मामा माळाकडे. मी पाण्याकडे. माझा जीव मला सांगत होता, पाण्याकडेच.

तलावाचं पाणी त्या दिवसांत ओसरत असतं, कडेला काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्या गाळात, पाण्याच्या अगदी कडेला, सुमन झोपली होती. मी तिच्याकडे धावले तर घोट्याच्या वर रुतले, एक चप्पल आतच राहिली. गाळावर माझ्या पावलांशिवाय एक खूण नव्हती. मी आज देवाला साक्षी ठेवून सांगते, एकही नव्हती. तिचे तळवे मी पाहिले. स्वच्छ आणि कोरडे होते.

तिच्याखालची जागा मात्र गाळाची वाटत नव्हती. सुकी, थापलेली, सपाट. आणि या वेळी ती लहान नव्हती. दोघांची होती.

मी सुमनला उचललं. ती श्वास घेत होती, ताप उतरला होता, अंग छान उबदार. बाजूच्या रिकाम्या जागेत खांद्याचा आणि कमरेचा खळगा पडलेला होता. मोठ्या माणसाचा, कुशीवर झोपलेल्या. मी का हात लावला, मला माहीत नाही. डिसेंबरची पहाट, बोटं वाकत नव्हती अशी थंडी... आणि ती जागा कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं तशी.

मिस्टर पोचले, त्यांनीही हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी तोपर्यंत बैल जुंपले होते. तंबू घडी न करता तसाच गाडीत कोंबला, पातेली राहिली ती राहिली. बाकीची दोन गावं, डॉक्टर, सगळं गेलं खड्ड्यात. मला माझी पोर मिळाली होती, मला आणखी काही नको होतं.

चौफुल्याच्या अलीकडे ऊन वर आलं तेव्हा सुमन जागी झाली. मी तिला मांडीवर घेऊन, घोंगडीत गुंडाळून, घट्ट धरून बसले होते. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

“सुमी, तुला तिकडे कोणी नेलं गं?”

“आईनं.”

“मी नाही नेलं, बाळा. मी झोपले होते.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. लहान मूल अनोळखी माणसाकडे पाहतं ना, तसं. मग तिचा ओठ वाकडा झाला आणि ती माझ्या हातातून सुटायला धडपडायला लागली.

“मला आईकडं जायचंय!”

“अगं मीच आई! बघ माझ्याकडे!”

“न्हाई! मला आईकडं सोडा! आईकडं!”

पारगावपर्यंत ती अशीच ओरडत होती, मागे तलावाकडे हात करून. मी रडत होते, मिस्टर बैलांकडे बघत होते. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नदीच्या पाण्यात उतरलो तसा तिचा आवाज बसला आणि ती थकून झोपली.

मामा पुढच्या वर्षी दवाखाना सोडून मुलाकडे गेले. मिस्टर गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढू दिला नाही. मी विचारलं की म्हणायचे, “पोरगी झोपेत चालली असेल.” मग स्वतःच उठून बाहेर जायचे. सुमन आज स्वतः आजी आहे, ठणठणीत आहे, तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. वाचकांपैकी कुणाला झोपेत चालण्याचं, तापातल्या भासाचं कारण पटत असेल तर जरूर पटू द्या. मीही ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पिनपर्यंत येते आणि थांबते.

पण त्या पहाटेपेक्षा मला त्यानंतरच्या दिवसांची भीती जास्त वाटते, आजही. शिरूरला आल्यावर सुमन नीट जेवली, खेळली, बापाच्या खांद्यावर बसली. मी जवळ गेले की अंग चोरायची. मी भरवलेला घास घ्यायची, पण माझ्या तोंडाकडे पाहायची नाही. आणि परत मला आई म्हणायला तिला कित्येक आठवडे लागले. तोपर्यंत ती मला पेशंट म्हणायचे तसं ‘बाई’ म्हणत होती.