मी कच्ची ठरवलेली भिंत

न्यूझीलंडला मुलीकडे राहायला आलो तेव्हा क्राइस्टचर्चच्या भूकंपाला दोन-अडीच वर्षं झाली होती. आमचं शहर तिथून लांब, वरच्या बेटावर. पण टीव्हीवर अजून त्या पडलेल्या इमारती दाखवायचे. मी आवाज बंद करून बघायचो. भाषा कळत नव्हती, पण भिंत का पडली ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. सांधा कुठं सुटला, वीट कुठं नुसती टेकवलेली होती, चुना कुठं मेला होता, सगळं दिसायचं. पन्नास वर्षं तेच केलं मी. सातारा जिल्ह्यात नदीचे घाट, देवळांचे ओटे, जुनी तळी, जिथं सिमेंट चालत नाही तिथं मला बोलवायचे.

मुलगी इथं विद्यापीठात नोकरीला. तिच्या खात्यात काही पोरं येतात, त्यांना ठरीव पदवी नको असते. दोन-तीन खात्यांतलं हवं ते उचलतात आणि आपली पदवी आपणच आखतात. कुणी नदीचं शास्त्र आणि कायदा एकत्र करतं, कुणी नाच आणि वैद्यकी. तो आखलेला कागद मुलीच्या टेबलावर येतो. त्यात खरा अभ्यास आहे की सोपं सोपं वेचून खिचडी केलीय, ते आधी ती बघते, मग समिती बघते. शेवटच्या वर्षी पोराचं काम तीन माणसं तपासतात. दोन प्राध्यापक, आणि तिसरा बाहेरचा, त्या कामातला जाणता. तिघांनी हो म्हटलं तरच पदवी.

"पोरांनीच ठरवायचं काय शिकायचं?" मी म्हटलं. "मग मास्तर कशाला ठेवलेत?"

"अण्णा, तुम्हाला गवंडीकाम कुणी शिकवलं?"

"वस्तादानं."

"आणि वस्तादाकडे जायचं कुणी ठरवलं?"

मी ठरवलं होतं. चौथीच्या परीक्षेला पाठवलं होतं, तिथून पळून. ती चहा गाळत हसत राहिली.

त्या वर्षी तिच्याकडे क्राइस्टचर्चची एक मुलगी होती. भूकंपात तिच्या आजीच्या घराचं विटांचं धुराडं छत फोडून आत कोसळलं. आजी वाचली, पण परत त्या घरात राहायला गेली नाही. या मुलीनं तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घेतली, की जुनी चुन्याची कामं काही ठिकाणी का टिकली आणि काही ठिकाणी का नाही. तिनं पदवी आखली ती दगडमातीचं शास्त्र, रसायन आणि इतिहास मिळून. आणि शेवटच्या वर्षी म्हणाली, मी नुसतं लिहिणार नाही, चुन्यात एक भिंत बांधून दाखवीन.

तपासायला तिसरा माणूस मिळेना. सिमेंटवाले पुष्कळ. चुन्यात आयुष्य गेलेला जवळपास कुणी नाही. माझ्या मुलीच्या तोंडून कुठंतरी निघालं की माझे वडील तेच करायचे. समितीच्या प्रमुख एक म्हाताऱ्या बाई होत्या, रसायनाच्या प्राध्यापक. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि माझे हात बघितले. चुन्यानं खाल्लेले हात लपत नाहीत. मुलीनं त्यांना त्याच दिवशी सांगितलं, बाप तपासणार असेल तर तपासणीच्या कागदांवर मी सही करणार नाही, मी फक्त मराठीचं इंग्रजी करून सांगेन.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या तालुक्याच्या गावी एका कॉलेजची दर्शनी कमान मी बांधली होती. उद्घाटनाला मंत्री आले, मास्तर आले. आम्ही गवंडी कुंपणाच्या बाहेर वाळूच्या ढिगावर बसून भाषणं ऐकली. कुणी आत या म्हटलं नाही. मला तेव्हा वाईट वाटलं असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता इथं मला खुर्ची दिली, समोर माझ्या नावाची पाटी ठेवली, आणि प्रोफेसर लोक मी काय बोलतो म्हणून थांबून राहिले. माझी मान ताठ झाली, ती बरेच महिने तशीच राहिली.

मार्चपासून भिंतीचं काम सुरू झालं. विद्यापीठाच्या वर्कशॉपमागं मोकळी जागा होती, तिथं. तपासणाऱ्यानं बघायचं, कामाला हात लावायचा नाही, असा नियम. हा नियम मला फार जड गेला. मी पालथ्या बादलीवर बसायचो. ती मुलगी सकाळी यायची, म्हणायची, "किया ओरा, मिस्त्री." किया ओरा म्हणजे इथला नमस्कार. मिस्त्री हा शब्द माझ्या मुलीनं तिला शिकवला होता. आमच्याकडं वय आणि हुन्नर बघून म्हणतात, हे तिला पटलं होतं.

कळीचा चुना तिनं स्वतः पाण्यात विरवला. उकळी फुटली तेव्हा मागं सरली नाही, हे मी बघितलं. विटांचा भुगा चाळून घेतला. गूळ घालायचं तिनं कुठं वाचलं होतं, तो भारतीय माणसाच्या डेअरीतून आणला. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, दुधाचा संबंध असेलच असं नाही. गुळाची ढेप हातात धरून तिनं खुणेनं विचारलं, हा सगळा भिंतीला का? मी एक खडा फोडून तोंडात टाकला आणि एक तिला दिला. माझी मुलगी बाजूला उभी होती, म्हणाली, "अण्णा, तपासणाऱ्यानं हात लावायचा नाही."

"हात कुठं लावलाय. तोंड लावलंय."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. ती पोर इतकी हसली की थापी खाली ठेवली.

एप्रिल संपता संपता भिंत झाली. छातीएवढी उंच, पुरुषभर लांब. ओळंबा मी मनातल्या मनात लावला, बोट ठेवायला जागा नव्हती. गिलावा तिनं दोन हातांत दिला आणि वर ओली पोती टाकली. तिला कुणी वस्ताद नव्हता. पुस्तकातून आणि चुकून चुकून ती इथवर आली होती. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. वस्तादानं मला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही नाही.

मग मे महिन्यात थंडी लागली, इथले ऋतू आपल्या उलटे. इथली थंडी ओली. सकाळी धुकं नदीवरून उठून घरात शिरल्यासारखं वाटतं, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत.

जूनमध्ये तपासणी होती. त्याआधी त्या पोरीनं लिहिलेलं जाडजूड पुस्तक आमच्या घरी आलं. मुलगी जेवणं झाल्यावर ओट्याशी बसून मला त्यातलं मराठीत सांगायची. मी ऐकायचो. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर तिनं वाचलं, की या हवेत चुना फार सावकाश धरेल, माझ्या मोजणीप्रमाणं ही भिंत उन्हाळ्यापर्यंत पक्की होणार नाही, म्हणून तिचा निकाल फेब्रुवारीत द्यावा.

"पुरे," मी म्हटलं.

"का?"

"सबब आहे ती. काम होईना की हवेवर ढकलायचं."

"अण्णा, तिनं दर आठवड्याला मोजलंय. आकडे आहेत. पुढं ऐका तरी."

"चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस. वस्तादानं सांगितलंय. त्यानंतर नख बसलं तर कच्चं."

"वस्तादांनी न्यूझीलंड बघितलं होतं का?"

"तू बघितलायस का चुना?"

तिनं पुस्तक मिटलं. आमच्या घरात वाद असा संपतो, कुणी जिंकत नाही, भांडी घासायला लागतात.

आज लिहिताना मला सगळं स्वच्छ दिसतं. आमच्याकडे पावसाळ्यात आम्ही चुन्याला हात लावत नव्हतो. आणि आमची थंडी कोरडी, दुपारी ऊन. वस्तादाचे चाळीस दिवस हे त्या उन्हाचे होते. हे मला ठाऊक होतं. पन्नास वर्षं हातांना ठाऊक होतं. पण तोंडानं कबूल करायचं तर एका पोरीनं पुस्तकात लिहिलेलं माझ्या वस्तादापेक्षा बरोबर म्हणावं लागलं असतं. ते जमलं नाही.

तपासणीच्या दिवशी टेबलावर तीन कागद होते. एक पास करायचा, एक नापास करायचा आणि तिसरा थांबायचा. तिसऱ्यावर सही केली तर काम पुढच्या तपासणीपर्यंत राहतं, पोराचं नाव पटावर राहतं. बाई आणि दुसऱ्या प्राध्यापकांनी भिंत फिरून बघितली, आपापसांत बोलले आणि माझ्याकडं वळले. भिंतीचा निकाल तुमचा, असं बाईंनी सांगितलं. ती मुलगी हात मागं बांधून उभी होती, नखांत चुना.

मी पोतं बाजूला केलं. अंगठ्याचं नख दाबलं. बसलं. दोन ठिकाणी अजून बघितलं. बसलं.

त्या वेळी माझ्या मनात चुना नव्हता. मनात हे होतं, की न शिकलेला म्हातारा खुर्ची मिळाली म्हणून मान हलवतो असं यांना वाटता कामा नये.

"कच्चं," मी म्हटलं.

मुलीनं लगेच इंग्रजी केलं नाही. माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "अण्णा, तिसरा कागद आहे."

"मला दिसतंय कुठला कागद कुठं आहे. एका मिस्त्रीनं दुसऱ्याच्या भिंतीला बघू नंतर म्हणायचं नसतं. हो नाही तर नाही. सांग त्यांना."

तिनं सांगितलं. मी माझ्या सहीचा कागद पुढं ओढला. इंग्रजीत सही मला छान येते, तेवढीच येते.

ती पोर भिंतीपाशी गेली, पोतं परत नीट टाकलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "थँक यू, मिस्त्री." मग नळावर थापी धुतली. मी वाट बघत होतो की ती भांडेल. भांडली असती तर कदाचित, पण ते आता लिहून काय उपयोग.

पुढच्या वर्षी नवी भिंत बांध, असं समितीनं तिला सांगितलं. जुलैमध्ये तिनं नाव काढून घेतलं. मुलीनं हे मला जेवताना सांगितलं. तिच्याच टेबलावरून तो अर्ज गेला होता, फाइल बंद करायचं काम तिचंच. मी भाकरी मोडत राहिलो. म्हटलं, "कच्च्या मनाची होती."

मुलगी ताटावरून उठली. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी फक्त औषधांपुरतं बोलली.

फेब्रुवारीत मी एकटाच बसनं तिकडं गेलो. का गेलो ते मला माहीत होतं. वर्कशॉपमागं गवत वाढलं होतं. पोती उडून गेली होती, भिंत उघडी, उन्हात. मी नख दाबलं. मग खिशातली किल्ली काढून ओढली. ओरखडा आला नाही, किल्लीचाच पितळी रंग गिलाव्यावर उमटला. बोटाच्या गाठीनं वाजवून बघितलं, एकसंध आवाज. असा चुना मी स्वतः आयुष्यात पाच-सहा वेळा साधला असेल.

तिथं गवतात बसलो. उठायला वेळ लागला.

संध्याकाळी मुलीला सांगितलं, "भिंत पक्की आहे. मी चुकलो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "हे मला सांगून काय होणार, अण्णा?"

"मग जिथं सांगून होईल तिथं ने."

ती मला बाईंकडं घेऊन गेली. मी उभ्यानंच सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या की आम्हीही पुस्तक वाचलं होतं, थांबू या म्हणायला हवं होतं, पण तुमच्या हातांवर विश्वास टाकला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझं म्हणणं त्यांनी फाइलला लावलं. पण पदवीसाठी त्या पोरीनं स्वतः परत यायला हवं, दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही.

ती पोर पोरिरुआ गावी होती, फरशांच्या दुकानात कामाला. सकाळी निघालो, दिवसभर मुलगी गाडी चालवत होती, मी एकदाही थांब म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या जेवणाच्या सुटीत दुकानाबाहेरच्या बाकावर भेटलो. दुकानाचा टीशर्ट, केस कापलेले. मला बघून ती उठून उभी राहिली.

मी जे ठरवून गेलो होतो ते सगळं बोललो. भिंत दगड झालीय. तुझी मोजणी बरोबर होती, माझी चूक होती. तू परत ये, मी सगळ्यांसमोर सांगतो. मुलगी एकेक वाक्य इंग्रजीत करत होती.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इट्स ऑल गुड." आणि अजून काही बोलली, ते मुलीनं मला लगेच सांगितलं नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, भिंत पक्की होणार हे तिला माहीत होतं. तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं वाटलं. पण आता तिला कुणी तपासायला नकोय."

"आजीचं विचार."

मुलीनं विचारलं. आजी गेल्या हिवाळ्यात वारली होती. पदवीच्या दिवशी आजीला घेऊन जायचं, एवढ्यासाठी तिला पदवी आणखी एक वर्ष लांबवायची नव्हती.

मी हात जोडले. तिनं ते दोन्ही हात धरून खाली केले, घड्याळ बघितलं आणि आत कामाला गेली. काचेतून दिसत होती. कुणा गिऱ्हाइकाला फरशीचा नमुना दाखवत होती, उजेडाकडं धरून, दोन्ही बाजूंनी.

"निघू या का, अण्णा?" मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, जरा बसू.