सराफ गल्लीतली धुळमावशी

चिमूटभर ओला गाळ डाव्या तळहातावर घ्यायचा, अंगठ्यानं पसरायचा, उन्हाकडे तिरपा धरायचा आणि सांगायचं, "ही सोन्यावाल्याच्या दारची. ही चांदीवाल्याची. अन् ही नुसतीच रस्त्याची." खामगावच्या सराफ गल्लीत धुळमावशीचा हा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही. "रंग फसवते, ओशेरबाबू," ती म्हणायची. "वजन बोलते."

ओशेरबाबू म्हणजे मी. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि साखरखेर्ड्याहून येऊन मी इथल्या नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून नवा नवा लागलो होतो. मावशी मूळची धामणगाव बढ्याची. नवरा गेल्यावर सासऱ्याचा धंदा तिनं उचलला होता: सराफांच्या दारची धूळ झाडायची, नालीतला गाळ काढायचा, आणि तो धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण वेगळे करायचे. तिच्या लेखी टाकाऊ असं काही नव्हतंच. कारागिरांची बसायची जुनी गोणपाटं ती जाळायची आणि राख धुवायची. एखादा कारागीर न्हाव्याकडे निघाला की त्याला वाटेत गाठायची. "केस फेकू नका बाप्पा, मले आणून द्या. डोक्यात सोनं घेऊन फिरून राह्यले तुमी!"

गल्लीतली जुनी दगडी नाली फोडून सिमेंटची बांधायची, हे माझं पहिलं मोठं काम. मावशीला कळताच ती आली. "फोडाच्या आधी मले सांगजा. तीन पिढ्यांचा गाळ हाय त्याच्यात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् श्रीपतची पुतळी हाय."

श्रीपत हा गल्लीतला नावाजलेला कारागीर. चार वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाच्या पुतळीमाळेतली एक सोन्याची पुतळी त्याच्या हातून हरवली. मालकानं चोरीचा आळ घेतला, त्याची बसायची चौकी बाहेर भिरकावली. तेव्हापासून त्याला एकाही दुकानात काम मिळालं नव्हतं. तो जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचा. मावशीचा मात्र त्याच्यावर भरवसा. "वीस वर्सं त्याच्या पायाखालची धूळ झाडली मी. नखातला कणबी मले झटकून द्यायचा तो. असा माणूस पुतळी घेईन काऊन? नालीतच वाहून गेली ती."

मी सांगीन म्हणालो आणि विसरलो. लेकीच्या बाळंतपणासाठी मावशी वरवट बकालला गेली, त्याच आठवड्यात गाडीवाले मोकळे मिळाले आणि मी हुकूम दिला. अकरा बैलगाड्या गाळ गावाबाहेरच्या कचऱ्यावर जाऊन पडला. मावशी परत आली ती थेट उघड्या चराच्या काठावर. तिनं एवढंच विचारलं, "गाड्या कुठी रिकाम्या केल्या?"

मी तिच्याबरोबर गेलो. जिनिंगचा कचरा, भट्ट्यांची राख, गोठ्यांचं शेण, हाडकं, असे डोंगरच्या डोंगर! मावशीनं पदर खोचला. दर चार पावलांवर चिमूट घ्यायची, पाण्यात कालवायची, तळहात तिरपा धरायचा. "ही नाही. हीबी नाही." दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका काळ्या ढिगापाशी ती थबकली, तळहात दोनदा वरखाली केला आणि ओरडली, "बोललं! ओशेरबाबू, वजन बोललं!"

मग काय, कचऱ्याच्या जागेला जत्रेची कळा आली. कारागीर कामं टाकून धावले. कुणी घागरी भरून आणल्या, कुणी फावडं घेतलं. मीसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. मावशी लाकडी पाटीत गाळ घोळवायची, वरची माती वाहून जायची, तळाशी काळी जड वाळू उरायची आणि तिच्यात चांदीचे कण चमचमायचे. दर पाटीला आम्ही सगळे वाकून पाहायचो. खिळे, सुया, एक जोडवं, तुटलेला चिमटा निघाला. पाचव्या दिवशी मावशीनं पाटीत हात घातला आणि मूठ एकदम मिटली.

"काय हो मावशी?"

"श्रीपतले बोलवा. पह्यले त्याले दाखवीन."

अंगावर कापूस चिकटलेला श्रीपत धावतच आला. तिनं मूठ उघडली. पुतळीच होती! तिला एकच कडी जोडलेली, दुसऱ्या बाजूला कडी जोडायच्या जागी नुसता जाळाचा काळा डाग. "दुसरी कडी बसवताना उडाली, असं मी तवाच सांगत होतो," एवढं म्हणून श्रीपत तिथेच चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडला. मावशी त्याच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली.

पुतळी घेऊन आम्ही दुकानावर गेलो. म्हाताऱ्या मालकानं चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, "श्रीपत, उद्यापासून ये बसायला."

"माही चौकी तुमी बाहेर फेकली होती, शेटजी. तुमीच उचलून आणा."

मालक आत गेला, नोकरानं मागाहून अडगळीत ठेवलेली ती चौकी शोधून आपल्या हातांनी घेऊन आला, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मांडली.

उरलेला गाळ मावशीनं पुढचे दोन महिने धुतला. नवी नाली बांधून झाली तेव्हा मी हौसेनं तिला दाखवायला नेलं. गुळगुळीत सिमेंट, सुरेख उतार, पाणी सरसर पळत होतं. ती पाहत राहिली. "पाण्याले इतकी घाई काऊन लावली?" म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: या नालीत कणभरही गाळ थांबणार नव्हता. मी तिच्या पोटावरच सिमेंट ओतलं होतं. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मी हातभर खोल खळगा बांधून घेतला. नकाशात तो नव्हता.

पुढे माझी बदली झाली. दहा वर्षांनी कामानिमित्त गेलो, तर मावशी वारली होती. खळग्यापाशी बसलेली ती तिची वरवटची लेक, असं एकानं सांगितलं. ओळख नव्हती, म्हणून मी लांबच उभा राहिलो. तिनं गाळाची चिमूट तळहातावर घेतली, उन्हाकडे धरली, आणि शेजारच्या दुकानातून श्रीपतनं मान बाहेर काढून विचारलं, "वजन काय म्हणते वं?"