क्षितिजाचं नाव पुन्हा बोर्डावर

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी काचेचा बोर्ड आहे. पाणी कधी येणार नाही, गणपतीची वर्गणी किती, सगळं त्यावर लागतं. नोव्हेंबरात तिथे थकबाकीदारांची यादी लागली आणि तिच्यात माझ्या मुलीचं नाव होतं.

क्षितिजा दिवाणी न्यायाधीश आहे, मराठवाड्यातल्या एका तालुक्यात. नोकरी अजून पक्की व्हायची आहे. नालासोपाऱ्याचा हा फ्लॅट तिच्या नावावर आहे. तिच्या वडिलांना, जयवंतना, अर्धांगवायू झाला आणि घराचं कर्ज तिने स्वतःकडे घेतलं. पगार हप्त्यात आणि औषधांत जातो, म्हणून इमारतीच्या दुरुस्तीचे पैसे भरायचे राहिले.

यादीचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. ‘दुसऱ्यांना वसुलीचे हुकूम देणाऱ्या मॅडम स्वतः थकबाकीदार.’ खाली एकाने लिहिलं, ‘घरात एसी आहे, मी बघितलाय.’ एसी आहे खरा. पडून पडून जयवंतच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी लावायला सांगितला. त्याचेही हप्ते चालूच आहेत.

मी क्षितिजाला फोन केला. म्हटलं, “मी ग्रुपवर सगळं खरं लिहिते.”

“नको. त्यांनी तरी खोटं काय लिहिलंय?”

“वर हायकोर्टात कुणी तक्रार केली तर?”

“माझं कर्ज वरच्यांना माहीत आहे, आई. दरवर्षी लिहून देते. एसीसकट.” ती हसली. मला काही हसता आलं नाही.

ही लहानपणापासून अशीच. भुईगावच्या किनाऱ्यावर लंगडी खेळताना पाय टेकला की स्वतःच बाजूला व्हायची. पोरं वैतागायची, “कुणी बघितलं नाय ना, मग आऊट कशाला?” हिचं उत्तर ठरलेलं, “टेकला ना पण.” अशा मुलीला खेळात कुणी आपल्या बाजूला घेत नाही. मला तेव्हाही तिची काळजी वाटायची.

आमच्या खालच्या मजल्यावर लिली राहते. मूळची भुईगावची, तिकडे अजून तिची केळीची वाडी आहे. क्षितिजाने कायद्याचा सगळा अभ्यास लिलीच्या जेवणाच्या टेबलावर केला, कारण आमच्या घरात टेबल मावत नव्हतं. रात्री लिली तिच्यासमोर बोंबलाचं कालवण ठेवायची आणि म्हणायची, “आधी जेव. कायदा काय पळून जात नाय.”

नाताळच्या सुट्टीत क्षितिजा घरी आली, तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. सेक्रेटरी अल्पेशने सांगितलं, “लिली आंटीने भरले. मी पावती पण दिली.”

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. क्षितिजा मात्र तशीच खाली लिलीकडे गेली. मी मागोमाग.

“मावशी, पैसे परत घे.”

लिली करंज्या तळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. “नाताळ आहे. माझ्या पोरीचं नाव तिथं बघवत नव्हतं, भरले.”

“मला नाही चालणार ते.”

“का? जज झालीस म्हणून माझे पैसे बाटले?”

मी क्षितिजाचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला आणि गॅस बारीक केला.

“तुझ्या वाडीच्या हद्दीचा दावा वसईच्या कोर्टात आहे ना?”

“तू कुठं तिथं बसतेस?”

“नाही बसत. पण निकाल तुझ्या बाजूने लागला, की शेजारच्या वाडीतला तुझा दीर हीच पावती दाखवत फिरेल. लिलीने एका जजचं घर भरलं, म्हणून जिंकली. मावशी, पैसे नाही बाटले. तुझा निकाल बाटेल.”

लिलीने कढईतल्या करंज्या निथळून काढल्या. मग म्हणाली, “वाडी माझ्या बापाची आहे. मला ती खरी जिंकायचीय.”

“म्हणून तर.”

क्षितिजाने नाव परत बोर्डावर लावायला सांगितलं, तेव्हा अल्पेशची पंचाईत झाली. “मॅडम, स्वतःहून नाव लावा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पैसे आंटीला परत देतो, पण बोर्डाचं राहू दे ना. लोक परत फोटो काढतील.”

“काढू देत. रक्कम बरोबर लिही. दर महिन्याला थोडी थोडी कमी करत जा, मी तशी पाठवेन.”

त्याने काच सरकवली आणि तिच्यासमोर नाव लिहिलं. मी लिफ्टचं बटण दाबून उभी होते. लिफ्ट आली आणि रिकामीच वर गेली.

नाताळच्या सकाळी लिली ताट घेऊन आली. करंज्या, केक. दारातच थांबली आणि क्षितिजाला म्हणाली, “बाय, हे पण कोर्टाला लिहून देणार?”

क्षितिजाने एक करंजी उचलून तिथेच अर्धी खाल्ली. “हे खाऊन संपवणार.”

लिली आत आली. जयवंतजवळ बसून तिने केकचा मऊ तुकडा त्यांना भरवला.

क्षितिजा परत गेली. मला अजून झोप लागत नाही, तक्रारीची भीती गेलेली नाही. पण हल्ली लिफ्टकडे जाताना मान खाली घालत नाही. काचेजवळ थांबते आणि तिचं नाव वाचून वर येते.