फुलकोबीची बंदी

वरवटच्या बाजारात भाजी विकणारी ती बाई मला फुलकोबी देत नाही. तिलाही माझ्यासारखाच थायरॉईड, आणि थायरॉईडवाल्यांनी गोबी खाऊ नये हे तिच्या मनाने घेतलंय. मी हात लावला की ती चार गिऱ्हाइकांदेखत ओरडते, "थे तुमच्यासाठी नाई, ताई! दोडके न्या."

यंदा आमची नेहमीची गोळी मिळेनाशी झाली. डॉक्टरांनी दोघींनाही दुसऱ्या कंपनीची लिहून दिली. मला लगेच धडधडायला लागलं, कंगव्यात केसच केस दिसू लागले. "गोळी बदलली, आपन नाई बदललो," ती ठणकावायची. तरी दर बाजारी मेथीची जुडी निरखावी तसा माझा चेहरा निरखायची.

परवा माझा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. सांगितलं तर म्हणाली, "हाव? सच्ची?" तिने पदराने तोंड पुसलं. मग हळूच बोलली, "मंग मीबी उद्या रगत देतो. भेव वाटे मले."

ढिगातल्या दोन लहान फुलकोब्या तिने उचलल्या. एक माझ्या पिशवीत टाकली, "आजच्या दिवस खा." दुसरी गोणपाटाखाली सरकवली.

"हे माह्या रिपोर्टची."