जिजीने सोडलेली जागा

"ताई, जिजी गयी..." भावाचा फोन होता. मग म्हणाला, "सरळ लई गऊत तिले." जिजी गेल्याचे ऐकून मी नुसती गोठले होते, रडू फुटले ते त्या 'सरळ'पाशी.

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारींलगतच्या वस्तीत मी वाढले. जिजी आमची शेजारीण. दिवसभर ओट्यावर बसून मिरच्यांची देठे खुडायची. पदराला, बोटांना, हाकेलासुद्धा तोच ठसका. गल्ली इतकी अरुंद की वळणावर तिरडी तिरपी करावी लागे. तिच्या नवऱ्याची तिरडी अशीच कलंडली आणि त्याचे कपाळ पत्र्यावर आदळले. तो आवाज तिच्या कानांतून गेलाच नाही. तेरावा होताच तिने पहार घेऊन स्वतःचा ओटा फोडला, मग भिंतही मागे घेतली.

"जिजी, वट्टा ग्या, आते कोठे बशीसन भांडशी?" माझ्या आईने चिडवले.

"तुन्हा दारमा!" आणि मग, पहार टेकवून, हळूच, "जित्तापनी वाकीसन चालनूत, मरावर तरी सरळ जाऊ द्या."

तिच्या पाठोपाठ आमची घरांची सारी रांग मागे सरकली. लोकांनीच गटार बांधले, फरशी बसवली. समोरच्या रांगेने मात्र वीतभरही जागा सोडली नाही.

पुढे वस्ती नियमित झाली, घरकुलासाठी मोजणी आली. टेप गुंडाळत साहेब म्हणाले, "आजी, तुमची जागा नियमात कमी भरते."

"कमी पडनी ती तुम्हना पायखाले शे, साहेब."

साहेब हसले. पायांखाली त्यांनी पाहिले नाही. आमच्या रांगेला घरकुल नाकारले गेले. समोरच्या रांगेला मिळाले, तिथे स्लॅबची घरे उभी राहिली. ती रुंद गल्ली दाखवायला पाहुणे आणले जात, 'लोकसहभागा'वर भाषणे होत, आणि त्याच गल्लीच्या काठावर, यंदाच्या उन्हाळ्यात, तापल्या पत्र्याखाली जिजीने नाकारलेल्या घरकुलाची वाट पाहतच प्राण सोडला.

काही आठवड्यांनी मी गेले. ओटा गेल्यावर ती गोणपाटावर, भिंतीला टेकून बसायची. तिथे तिच्या पाठीचा लालसर डाग उरला आहे. हात लावला, तर बोटे चुरचुरली... डागाच्या अगदी समोर, स्लॅबच्या घराने गल्लीत सिमेंटची नवी पायरी काढली आहे. भाऊ माझ्यामागून आला, तो अंग चोरून, तिरपा.