पेटीने घेतलेली गोळी

माझा मित्र लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने आईसाठी, म्हणजे काकूंसाठी, एक पेटी केली आहे. गोळी घेतली की काकू बटण दाबतात आणि दिवा लागतो. पण वीज गेली की पेटीतला बोर्ड सगळं विसरायचा आणि काकू पुन्हा गोळी घ्यायच्या. म्हणून त्याने बाहेरून मेमरी चिप जोडली. चिपचं लिखाण चालू-बंद करणारी तार चुकून प्लसला लागल्याने चिपमध्ये काही लिहिलंच जाईना. त्याने तार मायनसला लावली, बटण दाबलं, प्लग काढून परत लावला. दिवा पेटला.

काकू गोळी हातात धरून उभ्या. "मग मी घेतली का रे?"

"पेटी म्हणते घेतलीस."

"दाबलंस तू, मेल्या!"

काकूंनी गोळी गिळली. दिवा खरा ठरला.